सोहावाचे विद्यापीठ : सूफीचे नाव, बिल्डरची जमीन

17 जानेवारी 2025 रोजी रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगात न्यायालय भरले आणि पाकिस्तानचे माजी पंतप्रधान इम्रान खान यांना 14 वर्षांची, तर त्यांच्या पत्नी बुशरा बीबी यांना 7 वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या सर्व वर्तमानपत्रांत बातमी आली. कुणाला किती वर्षे, किती दंड, आता पुढे काय, लष्कराचा हात किती, यावर रकानेच्या रकाने भरले गेले. पण त्याच निकालपत्रात आणखी एक आदेश होता आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. झेलम जिल्ह्यातील सोहावा येथील अल्-कादिर विद्यापीठ प्रकल्प ट्रस्टची मालमत्ता केंद्र सरकारकडे जप्त करावी, असा तो आदेश होता.

म्हणजे एक माणूस तुरुंगात गेला आणि त्याच्यासोबत एक विद्यापीठही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. माणसाची बाजू मांडायला वकिलांची फौज होती. विद्यापीठाची बाजू कोण मांडणार? त्या कोरडवाहू मुलखातल्या मुलामुलींची बाजू कोण मांडणार? आपण याच प्रश्नाचा विचार केला पाहिजे. कारण 'मोठ्या नेत्याने गरिबांसाठी काढलेली संस्था' ही गोष्ट सरहद्दीच्या पलीकडेच घडते असे मुळीच नाही.

कल्पना वाईट नव्हती

5 मे 2019 रोजी इम्रान खान यांनी पंतप्रधान या नात्याने सोहावाला कोनशिला बसवली. बाराव्या शतकात बगदादला होऊन गेलेले (निधन 1166) सूफी संत शेख अब्दुल कादिर जिलानी यांचे नाव विद्यापीठाला दिले. अध्यात्म आणि विज्ञान एकत्र शिकवायचे, सूफी परंपरेचा अभ्यास आणि आधुनिक तंत्रज्ञान एकाच छताखाली आणायचे, त्यातून देशाला नवे नेतृत्व द्यायचे, अशी ती घोषणा होती.

ज्या गावी हे व्हायचे होते, ते सोहावा ग्रँड ट्रंक रोडवर आहे. पोटोहारचे पठार. पावसाच्या भरवशावरची शेती. घरातला एक मुलगा फौजेत, दुसरा आखातात किंवा विलायतेत, आणि मुलगी घरी, असा तो भाग. याच जिल्ह्यात टिल्ला जोगियाँ हा नाथजोग्यांचा डोंगर आहे. ज्या गोरखनाथांचे नाव आपल्याकडे निवृत्तिनाथांच्या परंपरेत घेतले जाते, त्याच परंपरेचा तो मठ शेकडो वर्षे तिथे नांदत होता. अशा ठिकाणी शहरातल्या मुलाला मिळते तेच शिक्षण खेड्यातल्या मुलीला मिळावे, असे कुणी म्हणत असेल तर त्याला हसण्याचे कारण नाही.

शिवाय या माणसाने आधी काहीच केले नव्हते, असेही नाही. लाहोरचे शौकत खानम कर्करोग रुग्णालय 1994 पासून चालू आहे. मियाँवाली जिल्ह्यात नमल तलावाच्या काठी 2008 साली नमल कॉलेज उघडले आणि इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाशी ते जोडले गेले. पुढे त्याला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. खेड्यात चांगली शिक्षणसंस्था उभी राहू शकते याचा पुरावा नमल आहे. मग सोहावाला काय बिनसले? एकूण तीन ठिकाणी बिनसले, असे माझे मत आहे. एकेक तपासू.

कोणता सूफी?

पहिला प्रश्न, सूफी मूल्य म्हणजे नेमके काय?

कादिरी परंपरेचेच उदाहरण घेऊ. कसूरचे बुल्ले शाह (1680-1757) जन्माने सय्यद, म्हणजे मुसलमान समाजातल्या उतरंडीत सर्वांत वरचे. त्यांनी गुरू केले ते लाहोरचे शाह इनायत कादिरी. हे गुरू अराईं, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या माळी-शेतकरी जातीचे. परंपरा सांगते की, सय्यदाने अराईंचे पाय धरले म्हणून घरातली माणसे संतापली, पण बुल्ले शाह हटले नाहीत. हे एक सूफी मूल्य. दुसरे उदाहरण सिंधमधल्या झोकच्या सूफी शाह इनायत यांचे. त्यांनी जमीन सामाईक कसायला दिली. जो पेरतो त्याचाच पिकावर हक्क, अशी त्यांची शिकवण होती. आजूबाजूचे जमीनदार आणि मोगल सुभेदार एक झाले आणि 1718 साली त्यांना ठार मारण्यात आले. हे दुसरे सूफी मूल्य.

पण याच सूफींच्या दर्ग्यांवर पुढे गाद्या बसल्या. गादीचा वारस म्हणजे सज्जादानशीन. सज्जादानशीनाला मोगलांनी जमिनी दिल्या, शिखांच्या राज्यात त्यातल्या बऱ्याच टिकल्या, इंग्रजांनी त्या पक्क्या केल्या. 1900 च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी जमाती' ठरवल्या आणि त्यांच्याबाहेरच्यांना जमीन विकत घेण्यावर बंधने आली. अनेक जिल्ह्यांत पीरांची सय्यद आणि कुरैशी घराणी 'शेतकरी जमाती'त बसली. प्रत्यक्ष राबणारे मात्र बाहेर राहिले. लोहार, कुंभार, जुलाहा, मोची, न्हावी, मुसल्ली, ज्यांना तिथे एकत्रितपणे 'कम्मी' म्हणतात, त्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, आले ते धान्याच्या रूपातले 'सेप'. हा आपल्याकडच्या बलुत्याचाच भाऊ. आजही मुल्तानचे कुरैशी आणि गिलानी ही दर्ग्याची घराणी पाकिस्तानच्या राजकारणात मंत्री-पंतप्रधानांच्या पदांवर दिसतात. इम्रान खान यांचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरैशी हे मुल्तानच्या बहाउद्दीन झकरिया दर्ग्याचे सज्जादानशीनच आहेत.

बाबासाहेबांनी 1940 साली पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा फाळणीच्या नकाशाबरोबरच मुसलमान समाजातल्या अशरफ, अजलाफ, अरझल या उतरंडीचाही हिशेब मांडला. देश वेगळा झाल्याने समाज आपोआप सुधारत नाही, हे त्यांना दिसत होते. ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही पंजाबच्या खेड्यात 'कम्मी' हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो आणि शहरांतल्या गटारात उतरणारा माणूस बहुधा ख्रिस्ती असतो. एकेकाळी ज्यांना 'चूहडा' म्हणून दूर ठेवले त्यांचाच तो वंशज. सफाई कामगारांच्या भरतीच्या जाहिरातीत 'फक्त बिगरमुस्लिमांसाठी' असे छापून येत असे, हे उघड सत्य आहे.

तेव्हा सोहावाच्या वर्गात बुल्ले शाह शिकवायचे की सज्जादानशीन? अराईं गुरूसमोर वाकणारा सय्यद शिकवायचा की गादीसमोर वाकणारा कम्मी? भाषणात याचे उत्तर नव्हते. 'रूहानियत', म्हणजे अध्यात्म, एवढाच शब्द होता. अध्यात्माच्या शब्दात सगळे मावते. समतेला मात्र नेमका पत्ता लागतो. कुणाला प्रवेश, कुणाला फी माफी, वसतिगृहात कुणाशेजारी कुणाची खाट, भोजनगृहात कुणाचे ताट कुणासोबत, हा तो पत्ता.

कोणते विज्ञान?

दुसरा प्रश्न विज्ञानाचा.

अब्दुस सलाम हे झंगच्या मातीतले. 1979 साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. पण ते अहमदी होते आणि 1974 च्या घटनादुरुस्तीने अहमदींना बिगरमुस्लिम ठरवले होते. 1996 साली ते वारले. त्यांच्या थडग्यावर 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' असे लिहिले होते, त्यातला 'मुस्लिम' हा शब्द खोडून टाकण्यात आला. वाक्याला अर्थ उरला नाही, पण कायद्याचे समाधान झाले!

हे जुने झाले म्हणावे, तर सप्टेंबर 2018 आठवा. सोहावाच्या कोनशिलेच्या फक्त आठ महिने आधी इम्रान सरकारने प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियाँ यांना आर्थिक सल्लागार परिषदेवर नेमले. ते अहमदी आहेत म्हणून मौलवींनी ओरड केली. काही दिवसांतच सरकारने माघार घेतली आणि त्यांना परिषद सोडायला लावली. ज्या सरकारला एक अर्थतज्ज्ञ त्याच्या पंथामुळे पचला नाही, त्याच सरकारचा प्रमुख सूफी मूल्ये आणि विज्ञान यांचा संगम घडवणार होता.

आणि सूफीचे नाव दिले म्हणजे विद्यापीठ सूफी होते काय? मुल्तानला बहाउद्दीन झकरिया विद्यापीठ आहे, सूफी संताच्याच नावाचे. तिथले इंग्रजीचे तरुण अधिव्याख्याते जुनैद हफीझ यांना 2013 साली धर्मनिंदेच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांचे वकीलपत्र कुणी घेईना. शेवटी मानवी हक्कांसाठी काम करणारे राशिद रहमान यांनी ते घेतले. भर न्यायालयात त्यांना धमकी दिली गेली आणि 7 मे 2014 रोजी त्यांच्याच कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. डिसेंबर 2019 मध्ये हफीझ यांना फाशीची शिक्षा झाली. काळा कोट घालणाऱ्या कुणालाही राशिद रहमान यांचे नाव विसरता येणार नाही. वकिलाने वकीलपत्र घेतले, एवढाच त्यांचा गुन्हा होता.

सूफींवर बंदूक रोखणारे वेगळेच आहेत. 2010 मध्ये लाहोरच्या दाता दरबारात आणि 2017 मध्ये सेहवानला शाहबाझ कलंदरच्या दर्ग्यात बॉम्बस्फोट झाले. सोहावाच्या कोनशिलेनंतर तिसऱ्या दिवशी, 8 मे 2019 रोजी, दाता दरबाराबाहेर पुन्हा स्फोट होऊन पोलिसांसह अनेकांचा बळी गेला. अशा देशात सूफी परंपरा शिकवणे हे धाडसाचे काम आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण धाडस असे निवडक नसते. प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकाला संरक्षण नाही, तिथे प्रयोगशाळा असली तरी विज्ञान नाही. उपकरणे विकत मिळतात, शंका घेण्याची मोकळीक विकत मिळत नाही.

कुणाची जमीन?

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे मी वकील म्हणून बोलतो. ट्रस्टची फाईल हातात आली की उद्देशाचे पान आधी वाचू नये. उद्देश सर्वांचेच उदात्त असतात. आधी विश्वस्तांची यादी पाहावी, मग मिळकतीचे परिशिष्ट, मग बदल अर्ज. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काही वर्षे काढलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे.

अल्-कादिरची फाईल अशीच वाचू. हा ट्रस्ट डिसेंबर 2019 च्या अखेरीस नोंदवला गेला. विश्वस्त चार : स्वतः पंतप्रधान, त्यांच्या पत्नी, त्यांचे विशेष सहायक झुल्फी बुखारी आणि पक्षाचे वकील बाबर आवान. पुढे बुखारी आणि आवान बाहेर पडले, पती-पत्नी राहिले. मिळकत म्हणजे मौजे बकराला येथील 458 कनाल जमीन. आठ कनालचा एकर धरला तर सव्वासत्तावन एकर. जमीन देणारा बहरिया टाऊन, म्हणजे मलिक रियाझ यांचा बलाढ्य बांधकाम उद्योग.

आता तारखा जुळवा. 2018 मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने कराचीजवळच्या मलीर भागातील बहरिया टाऊनचा जमीनव्यवहार बेकायदा ठरवला. मार्च 2019 मध्ये 16,896 एकरांसाठी 460 अब्ज रुपये हप्त्यांनी भरण्याचा प्रस्ताव मान्य केला. दुसरीकडे ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने मलिक रियाझ यांच्या कुटुंबाशी 19 कोटी पौंडांची तडजोड केली. ती दिवाणी स्वरूपाची होती, त्यात कुणाला दोषी ठरवलेले नव्हते. पैसा पाकिस्तानच्या सरकारला परत जायचा होता. 3 डिसेंबर 2019 रोजी मंत्रिमंडळापुढे एक बंद लिफाफा आला आणि न उघडता मंजूर झाला. पैसा आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या खात्यात, बहरिया टाऊनने भरायच्या 460 अब्जांपोटी. म्हणजे सरकारला मिळायचा पैसा ज्याच्याकडून घेतला, त्याच्याच देण्यात वळता झाला. त्याच महिन्यात ट्रस्ट नोंदवला गेला. जमीन ही या मेहेरबानीची परतफेड होती, असे अभियोग पक्षाचे म्हणणे आणि तेच खालच्या न्यायालयाने मान्य केले.

बचाव पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. इम्रान खान यांच्या खिशात एक रुपया गेला नाही, जमीन ट्रस्टच्या नावे आहे, पैसा देशात आणि तोही सर्वोच्च न्यायालयात आला, निर्णय सबंध मंत्रिमंडळाचा होता, असा तो बचाव. खटला तुरुंगात चालला. ज्या उत्तरदायित्व कायद्याखाली चालला तो मुशर्रफ यांनी 1999 मध्ये आणला आणि तेव्हापासून सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाने तो विरोधकांवर चालवला. इम्रान यांच्या काळातही तो चालला. त्यांना 9 मे 2023 रोजी उच्च न्यायालयाच्या आवारातून उचलले गेले ते याच प्रकरणात, आणि दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. गंमत पाहा : 2022 साली हा कायदा सौम्य करणाऱ्या दुरुस्त्या झाल्या, तेव्हा त्यांना न्यायालयात आव्हान इम्रान यांनीच दिले. सप्टेंबर 2024 मध्ये त्या दुरुस्त्या कायम झाल्या, तेव्हा त्यांचाच आधार घेऊन सुटका मागणारेही इम्रानच! कायदा दुसऱ्यासाठी कडक आणि आपल्यासाठी मऊ असावा, असे वाटणाऱ्या पुढाऱ्यांची जात सगळीकडे एकच. शिक्षेविरुद्ध इस्लामाबाद उच्च न्यायालयात अपील झाले. तेव्हा गुन्हा झाला की नाही हे ठरवण्याचे काम वरच्या न्यायालयाचे.

पण गुन्हा सिद्ध होवो न होवो, एक गोष्ट फाईलवरच लिहिलेली आहे. देशाचा पंतप्रधान पदावर असताना विश्वस्त होतो आणि ज्याचे प्रकरण सरकारपुढे आहे त्याच्याकडून जमीन घेतो. ट्रस्टच्या कायद्यात विश्वस्ताला पहिली अट असते की, त्याचा स्वार्थ आणि त्याचे कर्तव्य यांची गाठ पडता कामा नये. इथे गाठच नव्हे, गाठोडे झाले. आणि मलीरचे काय? तिथल्या सिंधी आणि बलोच गोठांतल्या, म्हणजे वाड्या-वस्त्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर वसाहत चढत गेली. जून 2021 मध्ये बहरिया टाऊनच्या दारावर मोठे आंदोलन झाले. झोकच्या शाह इनायतने पेरणाऱ्याच्या हक्कासाठी जीव दिला, त्याच सिंधमध्ये पेरणाऱ्याची जमीन गिळणाऱ्याच्या दानातून पंजाबात सूफी विद्यापीठ उभे राहिले. याहून मोठा विरोधाभास शोधूनही सापडणार नाही.

शिक्षा कुणाला?

आता त्या जप्तीच्या आदेशाकडे येऊ. दूषित मार्गाने आलेली मालमत्ता सरकारजमा व्हावी, यात तत्त्वतः चूक नाही. पण सार्वजनिक शिक्षणाच्या ट्रस्टचा खरा लाभार्थी विश्वस्त नसतो, विद्यार्थी असतो. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता भारतात आहे तशी पाकिस्तानातही आहे आणि तिचे कलम 92 दोन्हीकडे तेच सांगते : विश्वस्त चुकले तर त्यांना काढा, नवे नेमा, ट्रस्टच्या कारभाराची योजना ठरवून द्या. विश्वस्त बुडाला म्हणून संस्था बुडवावी असे त्यात कुठेही नाही. जप्ती फौजदारी कायद्याखाली झाली हे खरे, पण जप्त करणाऱ्या सरकारला या तत्त्वाने चालायला कुणी अडवले होते?

सरकारने काय केले? 19 कोटी पौंडांची ती रक्कम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारकडे वळवली होती. 2025 साली पंतप्रधान शाहबाझ शरीफ यांनी जाहीर केले की, त्यातून दानिश विद्यापीठ उभारू. कुठे? राजधानीत, इस्लामाबादला! मलीरच्या गोठातून निघालेला पैसा लंडन फिरून आला, सोहावाच्या नावाने गाजला आणि शेवटी राजधानीत पोचला. एका नेत्याने विद्यापीठाला संताचे नाव दिले, दुसऱ्याने नाव बदलून जागाही बदलली. कोरडवाहू गावातली मुलगी दोघांच्याही हिशेबात कुठे आहे?

राज्यसत्तेने सूफींशी हा खेळ पहिल्यांदाच केलेला नाही. 1959 साली अयूब खान यांनी वक्फ मालमत्तेचा वटहुकूम काढून मोठे दर्गे सरकारी खात्याकडे घेतले. गादीवाल्यांची मक्तेदारी मोडतो असे सांगितले. दानपेट्यांच्या किल्ल्या सरकारकडे गेल्या, पण कम्मीला जमीन मिळाली नाही. गादीवाला गेला तर खाते आले, खाते गेले तर नेता आला, नेता गेला तर पुन्हा खाते. उंबऱ्यावर बसलेला माणूस उंबऱ्यावरच.

म्हणून आपल्या वाचकांना एकच सांगायचे आहे. संस्थेला कुणाचे नाव दिले यावर भाळू नका. नाव सूफीचे असो, संताचे असो की आपल्याच महापुरुषाचे असो, तीन कागद मागा : विश्वस्तांची यादी, जमिनीचा उतारा आणि प्रवेशाची यादी. पहिल्या कागदात घरातलीच माणसे असतील, दुसऱ्यात बिल्डर असेल आणि तिसऱ्यात गावकुसाबाहेरचे पोर नसेल, तर कोनशिलेवरचे नाव कितीही थोर असले तरी ती संस्था आपली नव्हे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत विभूतिपूजेबद्दल इशारा दिला तो राजकारणापुरता समजू नये. संस्थांनाही तो तितकाच लागू आहे. नेत्याच्या खिशात असलेली संस्था नेत्याबरोबर तुरुंगात जाते.

सोहावात इमारत उभी आहे. तिचे दार कुणाच्या नावाने उघडायचे याचा वाद चालत राहील. पण तिथे सूफी मूल्य खरोखर आणायचे असेल, तर सुरुवात सोपी आहे. पहिल्या बाकावर त्या गावच्या मुसल्लीची मुलगी बसवा आणि तिला शंका विचारू द्या.